मालकांची ओळख

सोमवारी सकाळी शर्वाणी बेहेरेने यादीत 'बोधचिन्ह' असं लिहिलं आणि मेहेंदळे बाळघुटीच्या कारखान्यावरच्या सगळ्या पाट्या कोऱ्या झाल्या. चिन्ह गुंडाळी होऊन तिच्या टेबलावर येऊन पडलं. तिला त्याचं नवल वाटलं नाही. कंपनी विकली जाताना जे वेगळं काढता येतं त्याची किंमत लिहायची, हेच तिचं काम. आणि ताबा होईपर्यंत काढलेलं सगळं मोजणाऱ्याकडेच राहतं, हे तर पहिल्या वर्षीच शिकवतात.

पाठोपाठ घुटीची कृती कारखान्याच्या वैद्यांच्या तोंडून सुतासारखी निघाली. तिने ती रिळाला गुंडाळली. हलकं वाटतंय म्हणत वैद्य घरी गेले.

तरीही कारखाना घेणारी मुंबईची कंपनी देत असलेली किंमत यादीच्या बेरजेहून कितीतरी जास्त होती. अशा वेळी उरलेल्या आकड्याला नावलौकिक म्हणायचं आणि गप्प बसायचं, अशी रीत आहे. नावलौकिक वेगळा निघत नाही, जागच्या जागी राहतो. पण तिच्या फर्मच्या कीर्तने साहेबांचा फोन आला. उरलेला आकडा डोळ्यांत खुपतोय, अजून काही निघतंय का बघा, म्हणाले. शर्वाणीला यंदा फर्ममध्ये भागीदार व्हायचं होतं.

दारात मालक भार्गवराव मेहेंदळे एका रडक्या तान्ह्याला खांद्यावर थोपटत होते. चाळीस वर्षं ते तिथे बसून येणाऱ्या प्रत्येक आईला विचारत, पोट कडक आहे का, आणि आयांचा घुटीपेक्षा त्यांच्यावरच जास्त भरवसा. सकाळी शर्वाणीला आलं घातलेला चहा त्यांनीच करून दिला होता. तिने मान खाली घालून लिहिलं : मालकांची ओळख.

बाळ किंचाळलं. आईने ते भार्गवरावांच्या हातून ओढून घेतलं आणि हे गृहस्थ कोण म्हणून पहारेकऱ्याला विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

शर्वाणीने ओळ खोडली. ती खाली पुन्हा उमटली. एकदा काढलेलं परत घालता येत नाही, हेही तिला शिकवलेलं होतं. तेव्हा तिने ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता मात्र ती यादी टाकून उठली. ती बाकापाशी गेली.

"काका, चुकलं माझं. मी लिहायला नको होतं."

"असू द्या, मालक," भार्गवराव उठून उभे राहत म्हणाले. "मी इथे बसलो तर चालेल ना?"

तेवढ्यात त्या आईने बाळ शर्वाणीच्या खांद्यावर दिलं. ते लगेच शांत झालं. तुमच्याच हाताला राहतं बघा, असं म्हणून ती बाई घुटीची बाटली घ्यायला आत गेली. बाळ चांगलंच जड होतं, आणि थोपटायचं कसं ते शर्वाणीच्या हाताला आपोआप येत होतं.

एक वाजता कुमुदिनीबाई नवऱ्याचा डबा घेऊन आल्या. त्यांना बघून भार्गवराव सरकून बसले, बाकावर शेजारी जागा केली. कुमुदिनीबाई त्यांच्यासमोरून आत गेल्या. त्यांनी शर्वाणीपुढे डबा उघडला, भाकरी मोडली, कारल्याची भाजी वाढली.

"अहो, आधी जेवून घ्या. उशीर झाला की साखर उतरते तुमची," त्या म्हणाल्या. मग दाराकडे बघत आवाज खाली आणला. "ते बाहेर कोण बसलेत हो? उपाशी दिसतात."

शर्वाणीने नाव सांगायला तोंड उघडलं, आणि कुमुदिनीबाईंनी तिला घास भरवला. बाकावर भार्गवरावांनीही तोंड उघडलं होतं.