मेरेवाईने रचलेले दगड

हसा खुशाल, मित्रांनो, पण मी एक खड्डा आहे. जुना, कमरेइतका खोल, भर समुद्रातल्या लाउ बेटांवरच्या नासोकी गावात, लितियाच्या घरामागे. खड्ड्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण मला पोट आहे, आणि ज्याला पोट आहे त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

लितिया नवी नवरी म्हणून या बेटावर आली, तेव्हा तिच्या सासऱ्याने मला खणलं. जागा त्याने माती हातात चुरून निवडली. ओलसर माती त्याला चालत नव्हती. कडेने नारळाच्या झावळ्या, त्यांवर केळीची पानं, पाणी झिरपू नये म्हणून एकावर एक चढवलेली. मग गावच्या बायकांनी नीरफणस सोलले, फोडी केल्या आणि मला गळ्यापर्यंत भरलं. भरता भरता लितियाने माहेरून पानात बांधून आणलेला आंबट गोळा त्या फोडींत कुस्करला. आमच्याकडे लेक सासरी निघाली की आईच्या खड्ड्यातलं विरजण तिच्याबरोबर जातं. चटया आणि कापड मागाहून. वर पानं दुमडली, दगड ठेवले, आणि मी कामाला लागलो. माझं काम म्हणजे गप्प राहून आंबवणं.

वास येतो. खोटं कशाला बोलू?

"अगं लितिया, बोटीवाल्यांना बेट दिसायच्या आधी तुझा खड्डा कळतो," शेजारीण उनाइसी म्हणायची.

"बरंच आहे की, वाट चुकणार नाहीत," लितिया म्हणायची. "आणि तू गं? नाक धरून येतेस आणि बोटं चाटत जातेस."

ते खरंच होतं. फोडी आंबून झालेलं माझ्यातलं पीठ घट्ट पिळून, नारळाच्या दुधात मळून, पानात गुंडाळून तापल्या दगडांत भाजलं, की साऱ्या गावाच्या माना आमच्या घराकडे वळायच्या. वर्षानुवर्षं मी भरत राहिलो, रिकामा होत राहिलो, पण तळ कधी उघडा पडला नाही. लितियाचा मुलगा तोमासी जन्मला, तेव्हा माझ्या तळातलं पीठ त्याच्याहून वयाने मोठं होतं. "खड्ड्याला दादा म्हण," असं लितिया त्याला चिडवायची.

मग बोटीतून मैदा येऊ लागला, बिस्किटांचे डबे येऊ लागले. त्यांना वास नव्हता, वाट बघावी लागत नव्हती. एकेक घर आपला खड्डा विसरलं. लितियाची कंबर वाकली, आणि माझी पानं बदलायला कुणी उतरेना. येणारेजाणारे म्हणायचे, "वा, जुना खड्डा! आमच्या लहानपणी काय चव असायची!" आणि बिस्कीट खात पुढे जायचे.

एवढ्यात तोमासीची मुलगी सेनी रांगायला लागली. आणि त्याच दिवसांत उनाइसीच्या पडीक खड्ड्यात साचलेल्या पाण्यात डुकराचं पिल्लू बुडून मेलं.

"आपला खड्डा बुजवा," तोमासीची बायको मेरेवाई त्याच सकाळी म्हणाली.

"अगं, आपला भरलेला आहे. वर दगड आहेत," तोमासी म्हणाला.

"त्यातला एक काल हलत होता. खालची पानं कुजलीत."

"तू दगडसुद्धा हलवून बघतेस?"

"पोर रांगतंय. मी सगळंच हलवून बघते."

लितिया दारातून म्हणाली, "माझ्या आईचं विरजण आहे त्यात. मी गेले की बुजवा."

"आई, असं नका ना बोलू. मला पोरीची भीती वाटते, एवढंच."

"मलाही तिचीच भीती वाटते, बाई. तुला पडण्याची, मला भुकेची. तू अजून मोठं वादळ पाहिलं नाहीस."

मी बुजलो नाही, पण सुटलोही नाही. मेरेवाई एका कडेवर सेनी आणि दुसऱ्या कडेवर दगड घेऊन किनाऱ्यावरून येऊ लागली. वरची कुजकी पानं काढून तिने नवी जाड पानं दाबून बसवली, कारण पानं खचली की दगड खचतात. त्यांवर दगड रचले. फटीत सेनीचा पाय अडकेल म्हणून फटी प्रवाळाच्या चुऱ्याने आणि चिकणमातीने लिंपल्या. रोज सकाळी येऊन ती एकेका दगडावर पाय देऊन दाबून बघायची. मी अंधारात विचार करायचो, हिने मला जिवंतपणी पुरलं.

मग ते वादळ आलं. लोक टेकडीवरच्या गुहेत गेले आणि समुद्र गावात आला. तो माझ्या डोक्यावरून गेला, मागे फिरला, पुन्हा गेला.

लोक खाली उतरले तेव्हा मैद्याची पोती चिखल झाली होती. अळूच्या वाफ्यांत खारं पाणी उभं होतं. कच्चे नीरफणस झाडांखाली सडा घातल्यासारखे पडले होते, आणि धक्काच वाहून गेल्यामुळे बोट लागणार नव्हती. ज्यांना आपले खड्डे आठवले त्यांनी ते उकरले. आत वाळू आणि मेलेले खेकडे निघाले. नारळ होते, पण सेनी नुसत्या नारळाच्या पाण्यावर होती. आधी ती रडत होती. नंतर रडायची थांबली, आणि मेरेवाई तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघू लागली.

"दादाला उघड," लितिया तोमासीला म्हणाली.

तोमासी पहारीने दगड उपटू लागला. "काय गं हे! खड्डा झाकलास की किल्ला बांधलास?"

मेरेवाई काठावर वाकून बघत होती. तिने सेनीला घट्ट धरलं होतं. शेवटचा दगड निघाला, पानांचे थर उलगडले. आणि तो आला. माझा वास.

"आला गं बाई, आला!" म्हणत उनाइसी मटकन खालीच बसली. या खेपेला तिने नाक धरलं नाही.

लितियाने वरचा काळपट थर खरवडला. खाली पीठ पिवळसर, घट्ट, कोरडं होतं. खाऱ्या पाण्याचा थेंबही आत शिरला नव्हता. तिने आधी एक गोळा पानात बांधून बाजूला ठेवला, मग इतरांना हात लावू दिला. पहिली भाकरी भाजून आली ती मेरेवाईने स्वतः खाल्ली, आणि सावली अंगणात पुढे सरकेपर्यंत थांबली. स्वतःला काही होत नाही असं पाहून तिने नखाएवढा तुकडा सेनीच्या ओठांना लावला. सेनीने तोंड वाकडं केलं, गिळलं, आणि आणखी हवं म्हणून रडायला लागली.

ते रडणं ऐकून मेरेवाई हसली, आणि मग तीच रडली.

पडलेले नीरफणस कुजण्याआधी साऱ्या गावाने सोलले. लितियाच्या त्या गोळ्यातून घरोघरी विरजण गेलं आणि जुने खड्डे नव्याने भरले. बोट लागेपर्यंत गाव त्यावर जगलं. मला भरताना सेनीनेही एक फोड आत टाकली. तिच्या झग्याचं टोक मेरेवाईच्या मुठीत होतं, आणि ती मूठ काही सुटली नाही.

मित्रांनो, माझं कौतुक करणारे पुष्कळ होते. पण मला जपलं ते मला घाबरणाऱ्या बाईने. म्हणून एवढंच मागतो, तुमच्या घरात जुनं, आंबट वासाचं, आता नकोसं झालेलं काही असेल, तर त्याची नुसती स्तुती करून पुढे जाऊ नका. त्याच्या पानांकडे बघा. आणि खाल तेव्हा एक गोळा मागे ठेवा.

सेनी आता पळते. खड्ड्यात पडण्याचं तिचं वय केव्हाच सरलं. तरी मेरेवाई रोज सकाळी येते, एकेका दगडावर पाय देऊन दाबून बघते. आणि हल्ली, जाण्याआधी, खाली वाकून वास घेते.