अनूच्या भाड्याच्या खोलीतला कूलर

मी पत्र्याचा कूलर आहे. उन्हाळ्यात मी सुरू असलो की घरातली माणसं एकमेकांशीच ओरडून बोलतात, तिथं माझं कोण ऐकणार? आता मृग लागून आठ दिवस झालेत. टाकीतलं पाणी काढलंय, अंगावर जुनी चादर पडलीय. माझ्यासारख्याला बोलायला हीच काय ती सवड.

माझा जन्म खामगावातल्या एका टिनाच्या दुकानातला. कारागिरानं पत्रा कापला, वाकवला, रिबिटा ठोकल्या आणि हिरवा रंग मारून मला दुकानाबाहेर उन्हात वाळत ठेवलं. तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत गवत भरलं. पोटात टाकी, टाकीत पंप, छातीत पंखा. दुपारपर्यंत मला गिऱ्हाईकही मिळालं.

ते होते अमडापूरचे भगवंतराव. वांगी, भेंडी, कारली पिकवणारे, सकाळी माल घेऊन खामगावच्या बाजारात येणारे. त्यांनी मला गावातल्या कडूबाच्या पिकअपमध्ये रिकाम्या कॅरेटांशेजारी उभं केलं आणि घरी नेऊन समोरच्या खोलीत, खिडकीला पाठ लावून ठेवलं.

त्यांची मुलगी अनुपमा तेव्हा सहावीत होती. घरात सगळे तिला अनू म्हणायचे. मला पाणी भरायचं काम तिच्याकडे आलं. रोज आठ बादल्या. भरून झालं की ती तोंड माझ्या जाळीजवळ आणून स्वतःचंच नाव मोठ्यानं घ्यायची. पंख्याच्या वाऱ्यात ते नाव थरथरत निघायचं आणि ती एकटीच हसत बसायची.

पाच उन्हाळे मी चाललो. सहाव्या वर्षी भर दुपारी माझ्या छातीतून जळका वास आला आणि पंखा थांबला. भगवंतरावांनी दोनदा थापट्या मारून पाहिल्या. पुढच्या आठवड्यात घरात प्लास्टिकचा नवा कूलर आला आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात गेलो. माणसांना मी दोष देत नाही. चालेना तेव्हा हलवलं, इतकंच. पण तीन वर्षं माझ्या टाकीत एक कोंबडी अंडी घालत होती, आणि तिच्याशिवाय माझ्याकडे कोणी फिरकत नव्हतं, हेही खरं.

तोवर अनू बारावी होऊन चिखलीच्या आयटीआयमध्ये जाऊ लागली होती. तिनं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला होता. हाती एखादं सर्टिफिकेट असलेलं बरं, म्हणून भगवंतरावांनीही मान हलवली होती. एका रविवारी ती गोठ्यात आली, कोंबडीला हुसकलं आणि पाना घेऊन माझी पाठ उघडली. जळालेली मोटर काढली, जुनी तार उलगडली, एकेक वेढा मोजून वहीत लिहून ठेवला आणि नवी तार भरली. पहिल्यांदा मी नुसताच गुरगुरलो. तिनं सगळं पुन्हा उसवलं. दुसऱ्या रविवारी बटण दाबलं आणि माझा पंखा असा फिरला की गोठ्यातला भुसा दारापर्यंत उडाला. भगवंतराव बाहेरून म्हणाले, "चालला वाटते!" आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मग तिनं मला मागच्या खोलीत ठेवलं. तिथं ती आणि तिची आई अन्नपूर्णाबाई झोपत.

माघाच्या सुमारास तिला वीज कंपनीचं नेमणुकीचं पत्र आलं. लाईनवरची नोकरी, ठिकाण जळगाव जामोद. त्या दिवशीचं जेवण मला अजून आठवतं, कारण कोणीच नीट जेवलं नाही.

"पोरगी खांबावर चढन?" भगवंतराव म्हणाले. "अन् राहीन कुठी?"

"खोली करून राहीन, बाबा. तिथंच राहा लागते. लाईन केव्हा बी जाते."

"आपल्या घरची पोरगी घर एकदाच सोडते. लगन लागून."

"लगन व्हाचं तवा होईन," अनू म्हणाली. "रुजू व्हाची तारीख सतरा आहे."

भगवंतरावांनी ताटावरून हात उचलला आणि त्यानंतर तिच्याशी बोलणंच टाकलं. वाईट माणूस नव्हता तो. भीती वाटली की गप्प बसायची त्यांची सवय होती. मग भावकीतले लोक समजवायला येऊ लागले. कोणी म्हणे पोरीच्या जातीला हे शोभत नाही, कोणी म्हणे इथंच एखाद्या दुकानात चिकटवून देतो. अनू सगळ्यांना चहा करून द्यायची, सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "सतरा तारखेले रुजू व्हाचं आहे, काका." रोज संध्याकाळी ती थोडं थोडं सामान बांधत होती. एक दिवस दोन पातेली, एक दिवस पुस्तकं, एक दिवस गादी. लपवून काही नाही. सगळ्यांच्या देखत.

सोळा तारखेला सकाळी कडूबाचा पिकअप दारात आला. त्याला खामगावात भाजी उतरवून पुढं जळगाव जामोदहून केळी भरायची होती. भगवंतराव ओट्यावर बसले होते. अनू आणि कडूबा मला उचलून बाहेर आणत होते, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"हे भंगार काऊन नेऊन राह्यली?"

"भंगार होतं तवा तुमचं होतं, बाबा. आता माझं आहे."

कडूबाला हसू आलं होतं, ते त्यानं खोकल्यात घातलं. भगवंतराव उठले. "म्हणजे तू ऐकणारच नाई. बापाच्या घरातून अशी पळून जाशीन?"

अनूनं माझी बाजू खाली टेकवली. "मी पळून नाई जाऊन राह्यली. दिवसाउजेडी, दारातून, तुमच्या पाया पडून जाऊन राह्यली." आणि ती खरंच वाकली. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.

अन्नपूर्णाबाई आतून जुनं जांभळं लुगडं घेऊन आल्या. रस्त्यानं माझ्या जाळ्या वाजू नयेत म्हणून त्यांनी ते माझ्याभोवती गुंडाळलं, गाठ मारली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी या घरात आली तवा मले कोणी इचारलं नव्हतं. इले त रोज कोणी ना कोणी इचारून राह्यलं. आता तिचं उत्तर त ऐका."

पिकअप निघाला. खामगावात भाजी उतरली, नांदुरा मागं पडलं, पूर्णेचा पूल गेला आणि पुढं सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागली. अनू कडूबाशेजारी बसली होती. मागं वळून तिनं एकदाच पाहिलं, तेही मी नीट उभा आहे की नाही, ते बघायला.

खोली गोजरबाईंची. फोनवर ठरली होती, पण प्रत्यक्ष बघितल्यावर म्हातारीनं किल्ली मुठीतच ठेवली.

"एकटीच? मायबाप कुठी आहेत?"

"अमडापूरले."

"पळून त नाई आली वं?"

"पळून येणारी पोरगी कूलर घेऊन येते का, आजी?"

गोजरबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग दात नसलेल्या तोंडानं हसल्या आणि किल्ली पुढं केली.

सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. ऑफिसातले जुने वायरमन गजेंद्रभाऊ तिला म्हणाले होते, "ताई, तुम्ही तक्रारीचं रजिस्टर सांभाळा." ती आईशी फोनवर बोलायची त्यातून मला हे कळलं; मी सुरू असल्यामुळे ती ओरडूनच बोलायची. "मी म्हटलं, रजिस्टर तुम्ही सांभाळा भाऊ, मले शिडी द्या." आईला हे सांगताना ती हसत होती. पण पहिल्यांदा खांबावर चढून आली त्या संध्याकाळी तिला घास तोंडात नेता येत नव्हता, इतके हात भरून आले होते. पोटऱ्या सोलून निघाल्या होत्या. ती माझ्यासमोर फरशीवर बसली आणि बराच वेळ रडली. मी पूर्ण वेगात चाललो, म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जाणार नाही. मला दुसरं काय करता येतं? दुसऱ्या दिवशी सात वाजता तिनं दाराला कुलूप लावलं आणि ती कामावर गेली.

भगवंतराव फोनवर कधी यायचे नाहीत. आईच्या बोलण्यामागं त्यांचं खोकणं मात्र यायचं. ते आलं की अनू थोडी थांबायची, आणि मग पुढचं बोलायची.

मेच्या शेवटी, एका दुपारी, न सांगता तेच आले.

अनू ड्यूटीवर होती. गोजरबाईंनी दार उघडून दिलं, मला सुरू केलं आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. भगवंतरावांनी कारल्यांची पिशवी कोपऱ्यात टेकवली आणि येण्याचं कारण सांगितलं. रविवारी मेहकरचे पाहुणे मुलगी बघायला येणार होते. तिला सोबत घेऊन जायचं होतं.

"तिले सांगतलं?" गोजरबाईंनी विचारलं.

"घरी गेल्यावर सांगीन."

गोजरबाई उठून दाराकडे गेल्या. तेवढ्यात वारा सुटला. पाणी नाही, नुसती धूळ. पत्रे वाजू लागले, कुठंतरी मोठ्यानं काहीतरी मोडलं आणि माझा पंखा फिरत फिरत थांबला. वीज गेली.

वारा पडल्यावर उकाडा असा उतरला की विचारू नका. भगवंतराव शर्टाची बटणं काढून बसले आणि करायला काही नव्हतं म्हणून खोली बघू लागले. एक ताट, एक पेला. दोरीवर धुतलेला युनिफॉर्म. दाराशी कंपनीच्या बुटांचा जादाचा जोड. तो त्यांनी उचलून पाहिला. बूट पुरुषी मापाचे होते. पुढं कापडाच्या घड्या कोंबलेल्या होत्या. त्यांनी एक घडी बोटांनी बाहेर ओढली. जांभळं लुगडं. ती घडी त्यांनी पुन्हा नीट घालून होती तिथं कोंबली.

बाहेर गल्लीत ओरडा सुरू झाला होता. कोणी ऑफिसला फोन लावत होतं, कोणी शिव्या देत होतं. दारातून गोजरबाईंचा आवाज आला, "काऊन बोंबलता बे! बसस्टँडच्या रस्त्यावर लिंबाची फांदी पडली तारेवर. आमची पोरगी गेली आहे तिथी. ती आणीन लाईन."

आमची पोरगी. भगवंतरावांनी मान वर केली. मग बटणं लावली, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

मी रिकाम्या खोलीत उभा राहिलो. टाकीतलं पाणी कोमट झालं. दीड तास गेला असेल. अचानक माझ्या मोटरमध्ये झटका बसला, पंखा फिरला, पंप पाणी चढवू लागला आणि अख्ख्या गल्लीतून पोरासोरांचा एकच गलका आला, "आली! आली!"

थोड्या वेळानं ते दोघं आले. अनूच्या चेहऱ्यावर धूळ आणि घामाचे ओघळ होते, कोपर खरचटलं होतं. तिचं हेल्मेट भगवंतरावांच्या हातात होतं. ते कुठं ठेवावं ते त्यांना कळेना, म्हणून शेवटी माझ्या डोक्यावर ठेवलं.

अनू तोंड धुवायला गेली. त्यांनी घरी फोन लावला आणि माझ्या आवाजावर ओरडून बोलू लागले.

"हाव, भेटली. अवं, वर होती. खांबावर... नाई, मी काई बोललो नाई. खालून आवाज देला असता त तिचं ध्यान गेलं असतं. तो मोठा वायरमन खाली दोर धरून उभा, अन् ही वरून त्याले सांगते, असं धरा भाऊ, तसं सोडा. अन् तो ऐकते!" त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आयक, मेहकरवाल्यायले मी फोन करतो. रविवारी येऊ नका म्हणून सांगतो. पयले इले इचारू. ती हो म्हणन तवाच बलावू."

अनू दारात ओल्या तोंडानं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "कोण मेहकरवाले?" तिनं विचारलं.

"काई नाई," भगवंतराव म्हणाले. "कारले आणले. भाजी कर."

दोघं जेवली. ताट एकच होतं, म्हणून ती पातेल्यात जेवली. शेवटच्या बससाठी निघताना ते उंबऱ्यात थांबले. आता 'घरी चल' म्हणतील असं मला वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण तिनं खांदे ताठ केले.

ते म्हणाले, "इथी नळ कितव्या दिवशी येते?"

"आठव्या."

"अन् पाणी कशात भरतं?"

"दोन बादल्या आहेत. अन् ह्या कूलरची टाकी. सरलं की आजीच्या हौदातून आणा लागते."

"हूं," ते म्हणाले आणि बसस्टँडकडे चालू लागले. ते गल्लीच्या वळणावर पोचेपर्यंत अनू दारात उभी होती.

चार दिवसांनी कडूबाचा पिकअप दाराशी थांबला. त्यात दोनशे लिटरचा निळा ड्रम होता, झाकणासकट, आतून घासून धुतलेला. ड्रमात एक ताट आणि एक पेला.

माझं म्हणाल तर माझा तळ आता गंजलाय. अनूनं दोनदा डांबर लावलंय. तिसऱ्यांदा ते धरेल असं वाटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती कदाचित दुसरा कूलर घेईल, आणि घ्यावाच. मोटर तेवढी काढून घे म्हणावं, ती अजून पक्की आहे.

जाता जाता तुम्हाला एकच मागणं. तुमच्या घरातलं लेकरू सामान बांधून निघालं, तर परत कधी येशील ते दारात विचारू नका. एकदा त्याच्या खोलीवर जा, जमिनीवर बसून जेवा, आणि निघताना विचारा, इथं पाणी कितव्या दिवशी येतं.