सरावाच्या खोलीतला स्टँड

मी बोलतोय तो कोर्टातला नव्हे. वकील ज्यावर कागद ठेवून बोलतात तसाच लाकडी स्टँड आहे मी, पण सरावापुरता. सुताराने कोर्टातल्या स्टँडचं माप घेऊन मला बनवलं आणि दोन बोटं उंच केलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं राहताना प्रत्येकाला आपण वाढलो असं वाटतं. मी कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही.

सरकारचं प्रकरण अपिलात वरच्या कोर्टात गेलं, की तिथे बोलणारे सरकारचे सगळ्यांत मोठे वकील असतात. त्यांच्याच कार्यालयात मी राहतो. सुनावणीच्या आदल्या दिवशी ते माझ्यापाशी उभे राहतात आणि हाताखालचे तीन वकील समोर न्यायाधीश होऊन बसतात. एरवी "हो साहेब" म्हणणारी ही माणसं तासाभरात वर्षाचं उट्टं काढतात.

मी पाच साहेब पाहिले. एकाने माझ्यावर चहाचे कप ठेवले, एकाला प्रश्न अडला की खोकला यायचा. सरकारचं चुकलं, असं मात्र पाचांपैकी कुणी म्हटलं नाही.

मग मॅडम आल्या. दरोड्याच्या गुन्ह्यात नऊ वर्षं आत असलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने अपील केलं होतं आणि त्याची शिक्षा टिकवणं हे मॅडमचं काम होतं. सरावाला एक वकील तापाने आला नाही, म्हणून टायपिस्टताईंना तिसऱ्या खुर्चीवर बसवलं.

मॅडम छान बोलत होत्या. ताईंनी हात वर केला.

"मॅडम, तो हॉस्पिटलचा कागद त्याच्या वकिलाला दिला होता का?"

"कुठला कागद?"

"दरोड्याच्या दिवशी हा माणूस पाय मोडून वॉर्डात पडला होता, असं लिहिलंय बघा. फाइलमधल्या कागदांची यादी टाइप करताना दिसला. मला वाटलं, तुम्हा लोकांना माहीत असेल."

कागद पोलिसांच्या फाइलमध्ये तळाशी होता. तो कुणालाच दिलेला नव्हता. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"त्याच्या वकिलाला पत्ताच नाही, मॅडम," एक वकील म्हणाला. "आपण कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा?"

"पाय त्याचा मोडला होता," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी माझ्या कडा घट्ट धरल्या. "सरकारकडून काही त्रुटी राहून गेल्याचे..."

"कळलं नाही, मॅडम," ताई म्हणाल्या.

"सरकारच्या बाजूने कदाचित..."

"अजून नाही."

मॅडमच्या हाताला घाम आला होता. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

"सरकारची चूक झाली. या माणसाला सोडा."

"आता कळलं."

दुसऱ्या दिवशी हेच वाक्य मॅडम कोर्टात बोलल्या आणि ड्रायव्हर घरी गेला. महिन्याभरात मॅडमचं पद गेलं.

आता नवे साहेब आहेत. सराव होतो, समोर तिन्ही वकीलच असतात. ताई शेजारच्या खोलीत टाइप करतात, इथपर्यंत आवाज येतो. कधीकधी एखाद्या कागदापाशी तो मध्येच थांबतो आणि बराच वेळ पुन्हा सुरू होत नाही.

साहेब, तेवढ्या वेळात त्यांना आत बोलवा.