पायाखालून गेलेलं विमान

दयारामनं मला देवरावाच्या हाती दिलं, तेव्हा त्याचा स्वतःचा फायदा दोन्हीकडून ठरलेला होता. देवराव विमानाचा फोटो न घेता परतला, तर त्याचं तोंड कायमचं बंद होणार. घेऊन परतला, तर “कॅमेरा कोणाचा?” म्हणत दयाराम छाती पुढे काढणार. मित्रांनो, उसनी वस्तू देताना माणूस फार प्रेमळ दिसू लागला, की समजावं, त्याचा विचार आधीच करून झाला आहे.

तो कॅमेरा म्हणजे मी. आज जुना झालो, तेव्हा नवा होतो. काळा चौकोनी डबा, पुढे एक भिंग, आत बारा फोटोंचं रीळ. माझी झडप उघडमिटण्याचा वेग एकच, तोही संथ. भिलाईच्या सेक्टर २ मधली बारशी, साखरपुडे, मरोद्याच्या तलावाकाठच्या सहली, सगळं मी टिपलं. ‘हलू नका’ म्हटल्यावर न हलणारी माणसं हीच माझी गिऱ्हाइकं. धावतं विमान पकडणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. दयारामला ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं मला इतक्या आनंदानं दिलं.

दयाराम आणि देवराव शेजारी. दोघेही भंडाऱ्याकडचे, दोघेही पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये, एकाच शिफ्टमध्ये. कारखान्याकडून काही वर्षांनी एकदा लांबच्या प्रवासाचा खर्च मिळे. मागच्या खेपेला देवराव मित्रांबरोबर कुलूच्या डोंगरात गेला होता. परत येऊन त्यानं मिलमध्ये सांगितलं, “फौजेचं विमान दरीतून गेलं. मी वर होतो अन् थे माया पायाखालून गेलं.”

झालं. त्या दिवसापासून त्याची सुटका नव्हती. सोबतचे मित्र त्या सकाळी हॉटेलात झोपलेले होते, त्यामुळे साक्षीदार कोणी नाही. जेवणाचा डबा उघडला की दयाराम विचारायचा, “देवराव, पोळी वरून खाऊन राहिला का खालून?” बाकीचे हसायचे. पुढं पुढं देवराव काही खरं सांगायला लागला, तरी लोक आधीच हसून घ्यायचे. मंडळाच्या गणपतीत तो मागच्या सतरंजीवर बसू लागला. सरळ माणसाचा शब्द असा गेला, की त्याला चारचौघांत बसायला जागा राहत नाही.

म्हणून यंदा त्यानं बायकोला, सुशीलाबाईंना, सोबत घेतलं आणि मला गळ्यात अडकवलं. निघताना तुमसरजवळच्या गावाहून सुशीलाबाईंची आई मनकर्णाबाई भेटायला आली होती. तिनं लेकीच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि सांगितलं, “बर्फाजवळ उभी राहजो अन् एक फोटो धाडजो. मले काई आता तितं जाणं होत नाही.”

“धाडतो न, माय,” देवराव म्हणाला. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

कुलूच्या डोंगरातल्या त्याच रस्त्याला एका वळणावर दगडी कठडा होता. समोर बर्फ, खाली दरी, दरीच्या तळाशी धाग्यासारखी नदी. खालच्या पुलापाशी फोटोला बंदी होती, या वळणावर नव्हती. चहावाल्यानं सांगितलं, विमानं सकाळीच येतात.

पहिलं विमान आलं. गर्जना झाली तिकडे देवराव वळला. पण विमान गर्जनेच्या पुढं निघून गेलेलं. माझ्या पोटात नुसतं आकाश पडलं. दुसरं आडवं गेलं, त्याची पुसट रेघ उमटली. तिसऱ्याच्या वेळी बटण उशिरा दाबलं गेलं. रोज सकाळी तेच.

सुशीलाबाई चांगलं लुगडं नेसून कठड्याशी उभ्या राहायच्या.

“माया फोटो?”

“उद्या पक्का.”

“उद्या मीच पंख लावून येतो. मंग तरी काढसान.”

रीळ सरकत गेलं. माझ्या मापाचं दुसरं रीळ तिथल्या बाजारात नव्हतं. शेवटी एकच फोटो उरला.

“हा तुया,” देवराव म्हणाला. आवाज पडलेला होता. आता मिलमध्ये काय सांगायचं, हेच त्याच्या डोक्यात असावं. त्यानं सुशीलाबाईंना कठड्याशी उभं केलं. बर्फ बरोबर त्यांच्या डोक्यामागं. त्या हसल्या. हसता हसता त्यांची नजर दरीत गेली.

नदीच्या पांढऱ्या वाळूवरून एक लहानशी काळी सावली सरकत येत होती. इतक्या दिवसांत कठड्याशी ताटकळताना त्यांनी हे हेरलं होतं, की आधी सावली येते, मग आवाज. देवरावाला काही दिसलं नव्हतं. बोलल्या नसत्या, तर फोटो त्यांचाच होता.

“अवो,” त्या हळूच म्हणाल्या, “आली. खाली पाहा.” आणि त्या स्वतःच बाजूला झाल्या. एक हात तेवढा कठड्यावर राहिला.

मित्रांनो, पुढचं मी कसं सांगू? विमान आमच्या खालून आलं. दरी वळली तसं तेही कुशीवर वळलं. एक पंख नदीकडे, एक आमच्याकडे, आणि त्याची अख्खी करडी पाठ उन्हात उघडी पडली. काचेच्या घुमटात पांढरं शिरस्त्राण दिसलं. एवढ्या मोठ्या डोंगरात, एवढ्या वेगात, आत एक माणूस बसला होता. विमान पाठमोरं होऊन दरीत खोल चाललं. सरळ दूर जाणारी वस्तू भिंगात जागची हलत नाही, फक्त लहान होत जाते. त्या क्षणी ते माझ्यासाठी थांबल्यासारखंच होतं. देवरावानं बटण दाबलं.

मग आवाज आला. तापलेलं पोलाद रोज अंगाजवळून धावताना पाहणारा देवराव, पण तोही दोन पावलं मागे सरला. कठडा थरारला. मी छातीशी होतो, मला त्याचं काळीज ऐकू येत होतं. आवाज गेल्यावर कितीतरी वेळ वरून बारीक खडे घरंगळत राहिले.

“माणूस होता त्याच्यात,” देवराव म्हणाला.

“त्याची माय कुठं तरी वाट पाहून राहिली असंन,” सुशीलाबाई म्हणाल्या.

परतल्यावर दुर्गला मोहन नगरातल्या स्टुडिओवाल्या बाबुलालनं फोटो धुतला. विमान स्वच्छ आलं होतं. “कोने में किसी का हाथ आ गया है,” तो म्हणाला, “काट दूँ?”

“काटून टाका,” देवराव म्हणाला. त्याला विमानाशिवाय काही दिसतच नव्हतं. कापलेली पट्टी सुशीलाबाईंनी उचलून पदराला बांधली.

देवरावाच्या घरी चहाला आलेल्या दयारामनं फोटो उलटासुलटा करून पाहिला. “झकास आहे. कोणत्या कॅलेंडरातून काढला? नाहीतर दुसऱ्या विमानातून कोणी काढला असंन. तू जमिनीवर उभा होता, हे याच्यात कुठं आहे?”

देवरावाचं तोंड उतरलं. सुशीलाबाईंनी चहाचा कप ठेवला, पदराची गाठ सोडली आणि पट्टी फोटोला जोडून ठेवली. दगडी कठडा, त्यावर हिरव्या बांगड्यांचा हात, आणि त्या हाताच्या खाली विमान.

दयारामनं पट्टी सरकवून पाहिली, पुन्हा फोटोला जोडली.

“हात वहिनीचा आहे,” शेवटी म्हणाला. “मग खरं आहे बा.” आणि लगेच, “पण कॅमेरा कोणाचा?”

अख्खा फोटो पुन्हा छापून गणपतीत लागला. देवराव पुढच्या सतरंजीवर आला. एक प्रत तुमसरकडे गेली. मनकर्णाबाईनं विमानाकडे पाहिलंच नाही म्हणतात. बांगड्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, “अन् तोंड?”

“पुढच्या खेपेले,” असं तिला कळवलं गेलं. पुढची खेप आली, तेव्हा ती नव्हती.

आता मी दयारामच्या ट्रंकेत आहे. भिंगाला बुरशी धरली, माझं रीळ मिळेनासं झालं. माझी तक्रार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याचं भिंग मऊ कापडानं पुसत जा, ओलीपासून जपा. आणि ज्याला फोटोचं वचन दिलं असेल, त्याचा फोटो आधी काढा. विमानं नंतरही येतात.

देवरावाला त्याचा शब्द परत मिळाला, दयारामला मिरवायला मिळालं, मी नावाजला गेलो. वैमानिकाला तर काही कळलंही नाही. किंमत दिली सुशीलाबाईंनी, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या आईनं.