अर्धा शेंदूर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पण नुसता दगड म्हणालात तर मला राग येतो. सारंगखेड्याजवळच्या एका केळीच्या शेतात माझे ठाणे आहे. माझ्यात खेतरपाळ, म्हणजे शेताचा राखणदार, राहतो असे लोक मानतात. तो पांढरे धोतर नेसून पिकाभोवती फिरतो, रानडुकरे हाकलतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो म्हणे. मी काही त्याला पाहिलेले नाही. पण माणसे इतक्या विश्वासाने हात जोडतात, की मीही ताठ बसतो.

या शेताचे मालक दोधूआबा यांनी मला तापीच्या पात्रातून बैलगाडीने आणले आणि शेंदूर लावला. दरवर्षी केळीचा पहिला घड उतरला, की त्यातली एक फणी ते माझ्यापुढे ठेवत. ती एखाद्या वाटसरूने खाल्ली, की राखणदाराला पोचली, असे ते मानत.

आबा गेले. त्यांच्या मुलांनी, भटू आणि जगदीशने, शेत वाटून घेतले. मी नेमका मधल्या बांधावर आलो. थोरल्या भटूने आपल्या बाजूने मला शेंदूर लावला आणि हात आखडला. पलीकडचे जगदीश बघेल, असे त्याला वाटले. शेंदूर थोरल्यानेच लावायचा, असे जगदीशला वाटले. झाले, मी अर्धा शेंदरी आणि अर्धा काळा.

उन्हाळ्यात वादळ आले. जगदीशची केळी आडवी झाली, भटूची वाचली. राखणदाराचे तोंड भटूकडेच आहे, असे जगदीशच्या मनाने घेतले. त्याने भावाशी बोलणे सोडले आणि शेंदूर लावायला स्वतःचा एक नवा दगड आणून माझ्याशेजारी ठेवला. मला फार वाईट वाटले. दोघे भाऊ एकत्र येत ते माझ्यापाशीच. आता तेही संपणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भटूच्या केळीचा पहिला घड उतरला. त्यांची आई दगूबाई काठी टेकत आली आणि सरळ त्या नव्या दगडावर बसली.

"माय, तो देव शे," जगदीश म्हणाला.

"देव तो शे," माझ्याकडे काठी करत ती म्हणाली. "त्याले ना डोया, ना तोंड. तो कोनाकडे देखस, हाई तुले कसं समजनं?"

मग ती भटूकडे वळली. "आनि तू रे? तुन्हा बाप आख्खा दगड लयना व्हता. तू शेंदूर अर्धाच कसाले लावा?"

भटूने मान खाली घातली. त्याने तेलात शेंदूर कालवला आणि वाटी जगदीशपुढे धरली. "लाव," एवढेच तो म्हणाला. जगदीशची बोटे माझ्या काळ्या बाजूवरून फिरली, तेव्हा मला भरून आले.

फणी दोघांनी मिळून ठेवली. दुपारी कामावरून परतणाऱ्या करमसिंग नावाच्या मजुराने ती बांधावर बसून खाल्ली. नवा दगड अजून तिथेच आहे. त्यावर दगूबाई बसते.

मित्रांनो, राखणदार माना किंवा मानू नका, तुमची मर्जी. पण जे दोघांचे आहे, त्याला आपल्यापुरता शेंदूर लावून थांबू नका. वाटी पलीकडेही धरा.