एका आईची पिल्लं

आई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आली, तर सहकारी आनंदाने नाचायचाच बाकी होता. "ताई, जिंकलो! प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू साध्या उंदरांपेक्षा अगदी वेगळे निघाले. शोधनिबंध पाठवून टाकू."

"दोन्ही गटांची आई एकच होती ना?"

त्याचा चेहरा पडला. आया वेगवेगळ्या होत्या.

मग त्यांनी एकाच आईची दोन्ही प्रकारची पिल्लं वाढवून पुन्हा तपासली. फरक जवळजवळ उरलाच नाही. सगळ्यांच्या पोटात आईचेच जिवाणू होते.

"घ्या! वर्षभराची मेहनत पाण्यात गेली," तो म्हणाला. "आईपुढे कुणाचं काही चालत नाही बघा."

निबंध आता मुळापासून लिहावा लागणार होता. तरी ती कितीतरी दिवसांनी हसली, आणि तिचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला. तिथेही तिच्या आईचेच जिवाणू असणार होते.