नको असेल तर हो म्हणा

आमच्या गावचा कारभार पाहणाऱ्या पाच जणांच्या मंडळावर मी निवडून आले ती एकाच वाक्यावर: ऋण काढून सण करायचा नाही. नेब्रास्कातल्या आमच्या चिमुकल्या गावात याहून लांब भाषण कुणी ऐकतही नाही. पण ते मी मतांसाठी बोलले नव्हते. वॉशिंग्टनला नवे अध्यक्ष आल्यापासून आज याला पैसे, उद्या त्याला पैसे, असं जे चाललंय ते मला बघवत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार! आणि यातली आयजी कोण, तर अजून जन्मालाही न आलेली पोरं. त्यांना कुणी विचारलंय का?

मग टेसा, माझी मुलगी, सातव्या महिन्यात माझ्याकडे राहायला आली. तिचा नवरा सैन्यात, परदेशी बदलीवर. आणि आमच्या विहिरीच्या पाण्यात मक्याच्या खतातलं नायट्रेट उतरलेलं. आम्ही मोठी माणसं ते पितो. तान्ह्या बाळाला ते देऊ नये, दुधाच्या पावडरीत कालवूनही नाही. उकळलं तर उलट जास्तच वाईट. नवी खोल विहीर गावाच्या ऐपतीबाहेरची. नेमका त्यासाठीच, नेमक्या याच सरकारचा पैसा मंजूर होऊन आला. घ्यायचा की परत पाठवायचा, हे मंगळवारच्या बैठकीत ठरायचं होतं.

"तू काय करणार आहेस, आई?" टेसानं त्या मंगळवारी सकाळी विचारलं.

"तुझ्याच पोराच्या डोक्यावर कर्ज नको म्हणून तर मी एवढी भांडते."

"ते फेडायला पोर आधी मोठं तर व्हायला हवं ना?"

मी अंडी परतत राहिले. तिचं खरं होतं. माझंही खरं होतं. दोन खऱ्यांच्या मध्ये माणूस किती चेचला जातो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

बैठक अग्निशमन दलाच्या शेडमध्ये होती. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या आणि झाडून सगळं गाव आलं होतं. अध्यक्षस्थानी ऑर्विल ड्रेकमायर. त्यांना ढोंगी म्हणायची सोय नाही. स्वतःच्या शेतासाठी सरकारची मदत त्यांनी कधी घेतली नाही, दुष्काळातसुद्धा. ते उभे राहिले आणि ठराव वाचला: या उधळ्या सरकारचा पैसा आपल्या गावानं घेऊ नये.

"पैसे नको असतील त्यांनी हो म्हणा," ऑर्विल म्हणाले. "हवे असतील त्यांनी नाही म्हणा."

हार्डवेअरच्या दुकानवाल्या लायलनं हात वर केला. "म्हणजे नको असेल तर हो?"

"हो."

"आणि हवं असेल तर नको?"

"नको नाही रे बाबा, नाही!"

मागे कुणीतरी खो खो हसलं. मला हसू येईना. ऑर्विल आणि लायल म्हणाले, "हो." शाळेची बस चालवणारा डेल आणि मास्तरीणबाई म्हणाले, "नाही." दोन इकडे, दोन तिकडे, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. डोळ्यांपुढे टेसाचं पोट आणि दुधाची बाटली. पाणी हवंय, हवंय, एवढंच मनात.

"हो," मी म्हणाले.

शेड टाळ्यांनी दणाणली. ऑर्विलनी माझा हात हातात घेतला. "शाब्बास, मार्लिस! शब्दाची पक्की!"

कशाला हो म्हणाले ते तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. की आधीच आलं होतं? देवाशपथ सांगते, आजही मला कळत नाही, जीभ घसरली की इतकी वर्षं मनात घोकलेलं तोंडातून बाहेर पडलं. टाळ्या मात्र गोड लागल्या. हे सांगायला लाज वाटते, पण लागल्या.

कारकून ग्वेननं नियमाप्रमाणे विचारलं, "जिंकलेल्या बाजूच्या कुणाला फेरविचार हवाय? नाही तर बैठक संपवू."

हरलेल्यांना तो मागता येत नाही. डेल माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. माझा हात वर गेला.

"अगं, काय झालं?" ऑर्विलनी विचारलं.

"माझा गोंधळ झाला."

"मघाशी, की आत्ता?"

"दोन्ही वेळा, ऑर्विल. पण विचारा पुन्हा."

ग्वेननंच सरळ विचारलं, "पैसे घ्यायचे का?" आणि मी पुन्हा म्हणाले, "हो." तीन विरुद्ध दोन, पैसे घ्यायचं ठरलं. या वेळी टाळी नाही. लायल पुटपुटला, "निवडून येईपर्यंतच सगळे शहाणे." मी ऐकून घेतलं.

खुर्च्या आवरताना ऑर्विल टोपी हातात घेऊन माझ्यापाशी आले. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी मान खाली घातली.

"बाळ कधी?"

"मे महिन्यात."

"तोवर ही सरकारी पैशाची विहीर काही होत नाही. माझ्या शेतातली खोल आहे, पाणी तपासून घेतलेलं आहे. रोज सकाळी दोन कॅन तुझ्या दारात ठेवीन." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "सरकारकडे हात पसरायच्या आधी मला सांगायचं होतंस, मार्लिस. एवढंही सुचलं नाही तुला?"

सुचलं नव्हतं. मंडळावर बसून, एवढी भाषणं ठोकून, शेजाऱ्याकडे पाणी मागावं हे खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"गावात आणखीही बाळं होतील, ऑर्विल," मी कशीबशी म्हणाले.

"त्यांच्याकडेही नेईन."

आणि ते नेतील, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. दाराशी पोचल्यावर पायरी उतरायला त्यांनी भिंतीचा आधार घेतला, मग डेलचा. ऐंशी पार केलेला माणूस, आणि कॅन उचलायचे रोज सकाळी. त्यांना हाक मारून काय म्हणायचं होतं ते मला ठरवता येईना, तेवढ्यात त्यांची गाडी निघूनही गेली.